फोटो नागपूरला पाठवता येतो, मग बाईला कशाला पाठवता?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर आला की पेपरात स्तनाच्या कॅन्सरवर भरपूर छापून येतं, थ्रीडी मशीन आली, एआय आलं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात आशा आहे, त्यातलं आमच्या बायांच्या कामाचं काय ते लिहिते.

पूर्वी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे फोटो, फिल्मवर निघायची, ते पाकीट पिशवीत घालून बाई एसटीनं एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे हिंडायची. आता डिजिटल झालं. अमेरिका आणि कॅनडातल्या ४९ हजारांवर बायांवरचा अभ्यास २००५ मध्ये आला, एकंदरीत फिल्म अन् डिजिटल दोन्ही सारखेच, पण पन्नाशीच्या आतल्या आणि दाट स्तनाच्या (चरबी कमी, ग्रंथींचा भाग जास्त) बायांत डिजिटल सरस ठरलं. आपल्याकडं पन्नाशीच्या आतच हा आजार होणाऱ्या बाया खूप आहेत म्हणून हे महत्त्वाचं. दाट भाग फोटोत पांढरा दिसतो अन् गाठही पांढरीच, कापसाच्या गंजीत सरकी शोधा. थ्रीडीत वेगवेगळ्या कोनातून फोटो घेऊन एकेक थर वेगळा बघता येतो. अमेरिकेत तर सप्टेंबर २०२४ पासून स्तन दाट आहे की नाही हे बाईला कळवावंच लागतं, आपल्याकडं निदान रिपोर्ट तरी मराठीत द्या ना.

स्वीडनमध्ये ८० हजारांवर बायांच्या तपासणीत एआयची मदत घेतली तर डॉक्टरांचं फोटो वाचायचं काम ४४ टक्के कमी झालं आणि कॅन्सर सापडायचे कमी झाले नाहीत. आमच्याकडं फोटो वाचणारे डॉक्टरच नाहीत, म्हणून उपजिल्हा रुग्णालयात एक डिजिटल मशीन अन् बाई टेक्निशियन द्या, फोटो नेटवरून नागपूरला जाऊ द्या, बाईची मजुरी कशाला बुडवता?

अन् मशीन येईपर्यंत हातानं तपासणी तरी नीट व्हावी. मुंबईत टाटा हॉस्पिटलनं दीड लाख बायांवर २० वर्षं अभ्यास केला, शिकवलेल्या बायांनी दर दोन वर्षांनी हातानं तपासलं तर पन्नाशीपुढच्या बायांत मृत्यू जवळपास ३० टक्के कमी झाले. सरकारच्या २०१६ च्या सूचनेतही ३० ते ६५ वयाच्या बायांची ही तपासणी दर पाच वर्षांनी करा असं आहे. पण आमच्या शिबिरात बीपी, शुगर होते आणि हे राहून जातं, कारण खोलीला पडदा नाही, दारात माणसं उभी, कोणती बाई ब्लाउज काढेल? गाठ दुखत नाही म्हणून ती सांगतही नाही.

आणखी एक, शिबिरं ऑक्टोबरात ठेवू नका. तेव्हा सोयाबीन निघतं, कापूस वेचायला सुरुवात होते, बाया वावरात असतात. उन्हाळ्यात ठेवा, मी घरोघरी जाऊन बाया आणते.

एक आशा कार्यकर्ती, जि. यवतमाळ