किडे उडाले नाहीत तरी

ता. लाखांदूर, जि. भंडारा
१२ एप्रिल

प्रिय विनू,

सकाळी मोहफुलं वेचून आलो तर तुझं पत्र आलेलं. अंगणातच बसून दोनदा वाचलं. तिकडं हिमाचलात तीर्थन नदीच्या काठी तीन दिवस उभा राहिलास, किडे उडाले नाहीत, ते खायला एकही ट्राउट मासा वर आला नाही, आणि आता रॉड गुंडाळून ठेवतो म्हणतोस. असं करू नको गा.

आपल्याकडचं आठव. मृगाचा पाऊस पडला की उधईला पंख फुटतात आणि चुलबंदच्या डोहात बारीक मासे उड्या मारू लागतात. अशा संध्याकाळी वर्षात दोन-चार. म्हणून ढिवर बाकीचं वर्ष घरी बसतात का? डोहावरचे ते म्हातारे बाबा गरी टाकायच्या आधी काठचा चिखल उकरून बघायचे. मासा आज काय खातोय ते आधी बघायचे, मग गांडूळ लावायचं की कणकेची गोळी ते ठरवायचे.

तिथंही तेच आहे. पंख फुटलेल्या मेफ्लायला, म्हणजे पाण्यावर उडणाऱ्या त्या किड्याला, खायला तोंडच नसतं, जेमतेम दिवस-दोन दिवस जगते. पण त्याआधी महिनोन्‌महिने, काही जाती तर वर्षभर, ती निंफ, म्हणजे बिनपंखी पिल्लू, म्हणून पाण्यातल्या दगडाखाली असते. बर्फ वितळून पाणी गार पडलं की तिची बाहेर पडायची वेळ चुकते. त्यात तुझा काही दोष नाही. हा मासा तरी मूळ तिथला कुठं आहे! इंग्रजांनी १९०९ मध्ये कुल्लूकडच्या पाण्यात आणून सोडलेला. शंभरावर वर्षं टिकला तो पाण्याखाली मिळेल ते खाऊन, किडे उडायची वाट बघून नव्हे.

तर आधी रॉड काठावर ठेव आणि गुडघाभर पाण्यातला एक दगड उचल. मागच्या वर्षी मी तुझ्याकडं आलो तेव्हा खोलीखालच्या वळणावर उचलला होता. खालच्या बाजूला तीळ चिकटावेत तशा चपट्या निंफ होत्या, शेपटीला तीन केस, पोटाच्या कडेचे कल्ले पाण्याबाहेरही फडफडत होते. शेजारी एक अळी, वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीत बसलेली. ते बघितलं आणि गळावर तार-पीस गुंडाळून केलेली कोणती नकली माशी बांधायची हा प्रश्नच उरला नाही. दगड होता तसाच परत ठेव मात्र.

आता टाकायचं कसं. मोठ्या दगडामागं जिथं धावतं आणि संथ पाणी एकमेकांना घासून जातं, तिथं खालच्या अंगानं जा, कारण मासा प्रवाहाकडं तोंड करून असतो. वजनदार नकली निंफ वरच्या बाजूला टाक आणि लाइन पाण्याला टेकू देऊ नको. तुझी चूक इथंच होतेय असं मला वाटतं. तळाचं पाणी वरच्यापेक्षा हळू चालतं. वर पडलेली लाइन निंफला ओढत नेते आणि मासा तिच्याकडं बघतही नाही. हात उंच धर, लाइनचं टोक बघत राहा. ते जरा अडलं, थबकलं, की हलकेच उचल. दहातल्या आठ वेळा दगडच निघेल. मला त्या वळणावर पहिला ट्राउट मिळाला तेव्हाही दगडच समजलो होतो. वीतभराचा होता, अंगावर लाल ठिपके. हात ओला करूनच धरला आणि सोडून दिला.

दुपारी वारा सुटला की काठच्या गवतातले मुंगळे आणि नाकतोडे पाण्यात पडतात, तेही लक्षात असू दे.

सोबत डबीत बारा निंफ पाठवतोय. तांब्याची तार विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीच्या वाइंडिंगची आहे, पीस आपल्याच कोंबड्याच्या मानेचं. तार दोन पदरी गुंडाळलीय, धावत्या पाण्यातही तळाला जातील. नोव्हेंबरला मासेमारीची बंदी लागेपर्यंत भरपूर दिवस आहेत, फक्त पावसाळ्यातलं गढूळ पाणी सोडून दे.

वहिनींना नमस्कार सांग. आणि पुढच्या पत्रात दगडाखाली काय दिसलं ते लिही. मासा नाही मिळाला तरी दगडाचं लिहीच.

तुझा,
दिवाकर