कानात तेल सोडायच्या आधी

मा. संपादक, स.न.वि.वि.

मी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सध्या ईएनटीची, म्हणजे कान-नाक-घसा विभागातली पोस्टिंग चालू आहे. आमच्यात ही हलकी पोस्टिंग समजतात, सही करायची आणि लायब्ररी गाठायची, मीपण त्याच तयारीने गेले होते खरं सांगायचं तर. पहिले चार दिवस डोक्याला तो भोकाचा आरसा बांधून लॅम्पचा उजेड पेशंटच्या कानात सोडून खांद्यावरच पाडत होते, एक काकू तर हसायलाच लागल्या. पण एकदा उजेड जागेवर पडला आणि कान वर-मागे ओढला (लहान बाळाचा खाली-मागे ओढतात) की आत काय काय दिसतं, त्यासाठीच हे पत्र.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत कान दुखत असेल तर लसूण घालून कोमट केलेलं तेल दोन थेंब सोडा असं छापून आलंय. अहो, कान दुखतोय म्हणजे नक्की काय झालंय हे बाहेरून कळतच नाही. पडद्याला भोक असेल तर ते तेल सरळ मधल्या कानात जातं, आणि कान वाहणारे पेशंट आमच्या ओपीडीत रोजचेच आहेत. शिवाय तेलाने ओल्या राहिलेल्या कानात बुरशी धरते, काळे ठिपके असलेला पांढरा थर, पुस्तकात त्याला ओल्या वर्तमानपत्राची उपमा दिलीय, आता तुम्हाला काय सांगू!

मळाचंही तसंच. तो घाण नाही, कानाचं संरक्षण आहे आणि बहुतेकांचा आपोआप बाहेर येतो, आपण बड किंवा हेअरपिन घालून उलट आतच ढकलतो. मागच्या आठवड्यात एका पोराने कानात हरभरा घातला होता, घरच्यांनी निघेल म्हणून पाणी सोडलं, तो फुगून असा घट्ट बसला की शेवटी भूल देऊन काढावा लागला. घड्याळातला बटन सेल गेला असेल तर तेल पाणी ड्रॉप काहीच घालू नका, तो काही तासांत आतली कातडी जाळतो, लगेच हॉस्पिटल गाठा.

तेल अगदीच वाईट असं नाही हं. कानात जिवंत किडा फडफडत असेल आणि पडद्याला भोक नाही हे माहीत असेल तर थोडं तेल घालून आधी तो मारतात, मग काढतात, हे सरांनीच शिकवलं. पण किडा वेगळा आणि दुखणारा कान वेगळा.

तर पुढच्या रविवारी त्याच जागेवर एक छोटी चौकट छापाल का, की दुखणाऱ्या किंवा वाहणाऱ्या कानात डॉक्टरला दाखवल्याशिवाय काही घालू नये? माझ्या शब्दाला घरात किंमत नाही. आजीला मी हे सगळं सांगितलं तर तिने तुमची पुरवणी पुढे केली आणि म्हणाली, पेपरात आलंय.

– एक मेडिकल स्टुडंट, सोलापूर