स्वॅग नव्हे, मोतीबिंदू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या रविवार पुरवणीतला कोयनाकाठच्या गावांवरचा लेख वाचला. फोटो सुरेख आहेत, पुरवणीचा कागदही हल्ली बरा येतो. माझी तक्रार मधल्या मोठ्या फोटोबद्दल आहे. पाण्याच्या कडेला दगडावर बसलेली एक म्हातारी, डोईवर पदर, डोळ्यांना काळा चष्मा, मांडीवर कापडी पिशवी. खाली आपण छापलंय, 'ना घाई, ना घड्याळ! शिवसागरकाठचा गावरान स्वॅग.'

ती म्हातारी माझी चुलती आहे. आणि तो चष्मा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दवाखान्यातून मिळालेला आहे.

घड्याळ नाही म्हणता, ते खरं. म्हणून तर नानीनं तुमच्या छायाचित्रकाराला दोनदा वेळ विचारली. पहिल्यांदा तो नुसता हसला. दुसऱ्यांदा म्हणाला, 'आजी, तुम्हाला कशाला वेळ हवी?' नानीला त्या दिवशी साताऱ्याला डोळा दाखवायला जायचं होतं. आठव्या दिवशी या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि तो आठवा दिवस होता. आमच्या गावाहून साताऱ्याला जायचं तर आधी लाँचनं बामणोली, मग एसटीनं कासवरून सातारा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या शनिवारी तिथंही तुमचे वाचक येऊन उभे राहतील.

सकाळची लाँच आलीच नाही, पंख्याला जाळं गुंडाळलं होतं म्हणे. खासगी बोटी होत्या की, एकामागून एक चालल्या होत्या. पण शनिवार, त्यात दिवाळीनंतरचा. सगळ्या बोटी वासोटा किल्ल्याच्या पाहुण्यांनी आधीच ठरवलेल्या. त्यातली एक तर माझा पुतण्याच चालवतो. लांबूनच ओरडला, 'नानी, येताना घेतो!' वासोट्याला जायला दीड तास, वर चढून उतरायचं, परत दीड तास. येतानाची वेळ काय असेल ते तुम्हीच काढा. त्याला मी दोष देत नाही. पाहुणा अख्ख्या बोटीचे पैसे देतो, म्हातारी एका सीटचे देणार, तेही पिशवीतल्या पुरचुंडीतून मोजून. त्याच्यावर बोटीचं कर्ज आहे. त्याच्या जागी मी असतो तर मीही थांबलो नसतो कदाचित.

त्या रात्री नातवानं फोन लावून दिला. आपल्या लेखात 'इथं मोबाइलला रेंज नाही हेच इथलं खरं सुख' असं एक वाक्य आहे. त्या सुखापायी आमच्याकडची पोरं टॉर्च घेऊन वरच्या सड्यावर एका ठरावीक दगडापाशी जातात, तिथं दोन कांड्या येतात. म्हातारीला रात्रीची तिथवर नेली होती. सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, 'आरं, त्यो म्हनला, आजी, तिकडं पान्याकडं बघा. म्या म्हनलं, सकाळधरनं तिकडंच बघतीया की, लाँच येती का म्हून.' मग चष्मा काढा, डोळे दिसू देत, असंही तो म्हणाला. त्याला तिनं साफ नकार दिला. डॉक्टरांचं ऐकणारी बाई आहे. त्यानं जाताना बिस्किटाचा पुडा दिला, तो तिनं नातवाला दिला. हे सांगायला हवं, माणूस वाईट नव्हता.

डोळा दाखवायला ती तीन दिवसांनी पोचली. लाल झाला होता. ड्रॉप वाढवून दिलेत, आता बरा आहे.

मी स्वतः वाशीच्या मार्केटात तीस वर्षं माथाडी होतो. जावळी, पाटण, महाबळेश्वर भागातली निम्मी माणसं याच धंद्यात, त्यामुळे 'गावं शांत, निर्मनुष्य, जणू काळ थांबलेला' हे आपलं वर्णन वाचून आमच्या घणसोलीच्या बिल्डिंगमध्ये फार हशा झाला. काळ थांबलेला नाही हो, माणसं इथं आहेत. गणपतीला, होळीला, जत्रेला या, मग बघा किती निर्मनुष्य ते. तेव्हा आमच्याच गावात आम्हाला निजायला जागा नसते.

आणि ते 'निळंशार पाणी'. फोटोत नानीच्या मागं जे दिसतं, त्याच्या खाली तिचं माहेर आहे. हे मी रडगाणं म्हणून लिहीत नाही, आमच्याकडं घराघरात असंच आहे. कोयनेचं धरण बांधलं तेव्हा ती पंधरा-सोळा वर्षांची होती. भाऊ सोलापूरकडे माळावर गेले, ती लग्न होऊन वरच्या अंगाच्या गावात आली म्हणून राहिली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की खालची जोती उघडी पडतात, तेव्हा ती हातानं दाखवते, ते आमचं, ते गुरवाचं. मे महिन्यात लाँच काठाला लागत नाही. गुडघाभर गाळातून डोक्यावर बोचकं घेऊन चालावं लागतं. त्या गाळाचा फोटो आपल्या पुरवणीत कधी आलेला मला आठवत नाही. रंग चांगला येत नसेल.

तसा आमचा मुलूख आपल्या पेपरात वर्षातून दोनदा येतो. जुलै-ऑगस्टात पहिल्या पानावर: कोयनेत १०५ पैकी किती टीएमसी भरलं, नवजाला किती मिलिमीटर पाऊस, महाबळेश्वरला किती. मग सप्टेंबरपासून पुरवणीत: कासची फुलं, तापोळ्याची बोटिंग, 'मिनी काश्मीर'. काश्मीरचं मध्येच काय काढता, समजत नाही. आम्ही कुणी काश्मीरला जाऊन 'हे तर मोठं तापोळा' म्हणालो का?

यावरून आणखी एक. लेखात 'तपोला', 'बामनोली' आणि एका ठिकाणी चक्क 'वसोटा' छापलंय. मराठी पेपरात! रीळवाल्या पोरांनी इंग्रजीत लिहिलेलं वाचून कुणीतरी परत मराठीत उतरवलेलं दिसतंय. तापोळ्यातला ळ खाऊन टाकला तर खाली काय उरतं? वासोट्याला शिवाजी महाराजांनी व्याघ्रगड नाव दिलं, ते लेखात कुठंच नाही, पण किल्ल्यावर नाश्त्याला काय न्यावं ते मात्र सविस्तर आहे. आमच्या वेळी तुमच्या पेपरात मुद्रितशोधक असायचे. पूर्वी शुद्धलेखन चुकलं की मास्तर तुमचा अंक दाखवायचे, म्हणजे बरोबर काय ते बघा म्हणून.

पर्यटन नको असं मी म्हणत नाही. पुतण्याची बोट त्यावरच चालते, आमच्याच भावकीत दोघांनी तंबू लावायला जागा दिली आहे, चुलीवरची नाचणीची भाकरी साठ रुपयाला जाते. सरकारच्या 'नवीन महाबळेश्वर' प्रकल्पाच्या नकाशात २०१९ साली २३५ गावं घेतली, पुलांची कामं चालली आहेत, हेही वाचतो. पूल झाला की लाँचचं रडगाणं संपेल असं पुतण्या म्हणतो. मग त्याच्या बोटीचं काय, हे विचारलं की विषय बदलतो. पण तोवर शनिवार-रविवारी निदान एक बोट गावच्या माणसांसाठी राखून ठेवावी, एवढं कुणी तरी ठरवावं. ते आपल्या हातात नाही, मला कळतं. पण आपण लिहिलंत तर वाचलं जातं. मी लिहिलं तर हे असं 'वाचकांची पत्रे'मध्ये, तेही कापून.

राहता राहिली एक विनंती. पुरवणीचं ते पान नातवानं नानीला नेऊन दाखवलं. तिला फोटो आवडला. तिचा एकटीचा धड फोटोच नाही, आधारकार्डावरचा सोडला तर. खाली काय लिहिलंय ते नातवानं वाचून दाखवलं नाही, बरं केलं. तर त्या फोटोची एक मोठी प्रत, खालचा मजकूर वगळून, मिळाली तर फार उपकार होतील. पत्ता सोबतच्या पाकिटावर लिहिला आहे. पोस्टानं बामणोलीपर्यंत येईल. तिथून पुढं लाँच चालू असली तर.

आपला,
एक जुना वाचक, घणसोली