लिलावाआधी कर्ज पुनर्रचनेच्या अर्जावर निर्णय बंधनकारक करा

महोदय,

आपल्या दैनिकात जवळजवळ रोज बँका आणि गृहवित्त कंपन्यांच्या ताबा नोटिसा छापून येतात. कर्जदार व जामीनदारांची नावे, थकीत रक्कम, सदनिकेचा क्रमांक, चतुःसीमा आणि शेवटी कर्जदाराचे लक्ष सरफेसी कायद्याच्या (न्यायालयात न जाता तारण घर ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकांना देणारा कायदा) कलम १३(८) कडे वेधणारी एक ओळ, असा त्यांचा ठरलेला मजकूर असतो. बँकेच्या कर्ज विभागात नोकरी केल्यामुळे त्या मजकुरामागे काय घडून गेलेले असते याची मला कल्पना आहे. त्यातील बरीच घरे वेळीच हप्ता कमी करून दिला असता वाचली असती, असे माझे ठाम मत आहे.

आमच्या परिसरातील एका कुटुंबाचेच उदाहरण देतो. कारखाना बंद पडून कर्त्या पुरुषाची नोकरी गेली आणि काही महिन्यांनी मिळाली ती कमी पगाराची. दोन हप्ते थकलेले असतानाच पती-पत्नी शाखेत गेले आणि मुदत वाढवून हप्ता कमी करावा, असा कर्ज पुनर्रचनेचा लेखी अर्ज दिला. ‘अर्ज ठेवून जा, वरून कळवतील,’ असे सांगण्यात आले. दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारून देण्याचेही टाळले गेले. वरून काहीच कळवले गेले नाही. हप्ता न वटल्याचा आकार मात्र दर महिन्याला खात्यावर पडत राहिला, ९० दिवस उलटताच खाते अनुत्पादक (एनपीए), म्हणजे वसुली धोक्यात आलेले, ठरले आणि सरफेसी कायदा, २००२ मधील कलम १३(२) ची साठ दिवसांची नोटीस घरी आली.

त्यांनी मागितले होते ते किती, हेही पाहावे. वीस लाख रुपये शिल्लक, ९ टक्के व्याज आणि पंधरा वर्षे बाकी असतील, तर हप्ता सुमारे २०,३०० रुपये बसतो. मुदत वीस वर्षे केली की तो १८,००० वर येतो. कुटुंबाला महिन्याला तेवीसशे रुपयांचा श्वास मिळतो आणि त्यापोटी ते बँकेला एकूण साडेसहा लाखांहून अधिक जादा व्याज देते. यात बँकेने मेहेरबानी करण्याचा प्रश्नच येत नाही.

तरीही बँका कचरतात, त्याचे एक कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमांतच आहे. आर्थिक अडचणीत आलेल्या कर्जदारासाठी अटी सैल केल्या, की ते खाते सर्वसाधारणपणे लगेच अनुत्पादक वर्गात टाकावे लागते आणि त्यासाठी जास्त तरतूद करावी, म्हणजे संभाव्य तोट्यापोटी नफ्यातून जास्त रक्कम बाजूला ठेवावी लागते. शाखेतला अधिकारी अशी शिफारस करायला धजावत नाही, आणि नकार लेखी द्यावा लागत नसल्याने अर्ज टेबलावरच पडून राहतो. कोविडकाळात मात्र ही अडचण दूर केली गेली होती. मे २०२१ च्या परिपत्रकाने वैयक्तिक कर्जदारांच्या अर्जावर ३० दिवसांत लेखी निर्णय कळवणे बंधनकारक केले आणि ठरावीक अटींवर खाते नियमित वर्गातच ठेवण्याची मुभा दिली. ती सोय त्याच वर्षी संपली. नोकरी जाणे, आजारपण, घरातला कमावता माणूस जाणे हे काही त्या वर्षाबरोबर संपले नाही.

नोटिशीला उत्तर देण्याचा हक्क कलम १३(३अ) देते आणि बँकेने १५ दिवसांत सकारण उत्तर द्यावे, असेही सांगते. परंतु त्या उत्तराविरुद्ध तेव्हाच कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येत नाही. त्यासाठी बँकेने ताब्याची कारवाई करेपर्यंत थांबावे लागते आणि नंतर ४५ दिवसांत वकील लावून अर्ज करावा लागतो. थकबाकी भरून घर सोडवण्याची मुदतही २०१६ च्या दुरुस्तीने आखडली आहे. पूर्वी विक्री होईपर्यंत हा मार्ग खुला होता, आता तो लिलावाची नोटीस प्रसिद्ध होताच बंद होतो. ताबा नोटिशीतील त्या कलम १३(८) च्या ओळीचा अर्थ हाच आहे, आणि तो किती कर्जदारांना उमजत असेल याची मला शंका वाटते.

अमेरिकेत २००८ च्या घरकर्ज संकटात हेच मोठ्या प्रमाणावर घडले होते. तिथे जानेवारी २०१४ पासून असा नियम आहे, की लिलावाच्या ३७ दिवसांहून अधिक आधी कर्जदाराचा परिपूर्ण अर्ज आला, तर त्यावर निर्णय होईपर्यंत घर विकता येत नाही. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने निदान राहत्या घराच्या कर्जापुरते एवढे करावे: पुनर्रचनेच्या प्रत्येक अर्जाची पोच, ३० दिवसांत सकारण लेखी निर्णय आणि तोवर ताब्याच्या व लिलावाच्या कारवाईला स्थगिती. पहिल्याच पुनर्रचनेला अनुत्पादक वर्गवारीतून सूट दिल्याशिवाय बँका मनापासून पुढे येणार नाहीत, त्यामुळे तीही द्यावी.

तोपर्यंत हप्ता थकण्याची चिन्हे दिसताच कर्जदारांनी लेखी अर्ज करावा. शाखा पोच देत नसेल तर तो पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावा. त्याबाबत बँकेकडे केलेल्या लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली (पूर्व)