'पासिंग'ला मराठीत शब्द आहे

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत कृष्णवर्णीय अमेरिकी कादंबऱ्यांवरचा लेख वाचला. विषय घेतलात, आनंद वाटला. पण 'अस्मितेचा शोध' हे शब्द त्यात इतक्या वेळा आले आहेत की, या कादंबऱ्यांतली माणसं हरवलेलं काहीतरी हुडकायला निघाली आहेत असं वाटावं. नेला लार्सन या कृष्णवर्णीय अमेरिकी लेखिकेच्या 'पासिंग' कादंबरीत (१९२९; 'पासिंग' म्हणजे उजळ कातडीच्या कृष्णवर्णीयाने गोरं म्हणून वावरणं) तरी कुणाचं काही हरवलेलं नाही. आपण कोण, हे क्लेअर आणि आयरीन या दोघी उजळ कातडीच्या कृष्णवर्णीय बायकांना पक्कं ठाऊक आहे. ते कुणाला कळू द्यायचं आणि कुणाला नाही, एवढीच पंचाईत आहे.

लेखाचा सगळा भर क्लेअरवर आहे. तिने गोऱ्याशी लग्न केलं, नवऱ्याला काही सांगितलं नाही, पोटातलं मूल कोणत्या रंगाचं निपजेल या धास्तीत दिवस काढले. हे खरं, पण घालमेल आहे ती आयरीनची. हार्लेम या न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या डॉक्टरची ही बायको समाजकार्यात पुढे असते आणि स्वतःला क्लेअरसारखी समजत नाही. शिकागोच्या उन्हात जीव कासावीस झाल्यावर मात्र तीही गोऱ्यांच्या हॉटेलच्या गच्चीवर जाऊन बसतेच. पुढे क्लेअरचा नवरा, समोर चहा घेणाऱ्या तिघीजणी कोण आहेत हे न कळून, काळ्यांविषयी गरळ ओकतो आणि आयरीन हसत सुटते. तिला हसू आवरतच नाही. ते पान मी दर वेळी थांबून वाचतो. घरी नवरा जेवताना मुलांशी लिंचिंगबद्दल, म्हणजे जमावाने काळ्यांना ठार मारण्याबद्दल, बोलू लागतो, तेव्हा ती चिडते ती त्याच्यावर.

ही भीती हवेतली नव्हती. न्यूयॉर्क राज्यात १९२४ साली ऱ्हाइनलँडर नावाच्या श्रीमंत तरुणाने, बायकोने वंश लपवला म्हणून विवाह रद्द करायला खटला भरला. तिला अंगावरचे कपडे उतरवून ज्यूरीला कातडी दाखवावी लागली. निकाल तिच्या बाजूने लागला, पण काय भोगून! कादंबरीत या खटल्याचा ओझरता उल्लेख आहे. लार्सनची स्वतःची आई डॅनिश, वडील वेस्ट इंडीजकडचे. (ती काही काळ हार्लेमच्या ग्रंथालयात नोकरीला होती, याचं मला जुना ग्रंथपाल म्हणून उगाचच अप्रूप.)

'पासिंग'ला लेखात 'वेषांतर' म्हटलं आहे. यात वेष बदलावा लागतच नाही, नुसतं गप्प राहिलं की झालं. बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ पासून आपल्याकडे आहे. जात चोरणं, वंश चोरणं असं म्हटलं असतं तर मराठी वाचकाला लगेच उमगलं असतं. त्या शब्दात आळही आहेच. स्वतःचंच असलेलं लपवणाऱ्याला चोर कोण ठरवतं, हा प्रश्न दोन्हीकडे तोच.

शेवटी एक दुरुस्ती. आयरीन क्लेअरला खिडकीतून ढकलते, असं लेखात ठामपणे छापलं आहे. कादंबरीत तिचा हात क्लेअरच्या दंडावर पडतो आणि पुढच्या क्षणी क्लेअर तिथे नसते. त्या क्षणी काय झालं, हे आयरीन स्वतःला पुढे कधी आठवूच देत नाही. लार्सनने जे मुद्दाम सांगितलं नाही ते पुरवणीने परस्पर सांगू नये. शिवाय ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही, त्यांचा शेवटही फुटला तो फुटलाच.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल, सातारा