येझदी सुरू होत नाही? आधी करंट बघा

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या गाड्यांवरचा लेख वाचला. फोटो एक नंबर, पण येझदी-जावा मोटरसायकल ठेवायची तर रग्गड पैसा पाहिजे कारण ती कधी सुरू होईल याचा नेम नसतो असं जे लिहिलंय ते अजिबात पटलं नाही. या गाड्या बनवणारा म्हैसूरचा कारखाना 1996 ला बंद झाला तरी दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा डेला या गाड्या रस्त्यावर येतातच की, त्या काय ढकलत आणतात का? गाडीत खोट नाही हो, बिघाड शोधायची पद्धत गॅरेजवाले विसरलेत. आता गाडी बंद म्हणलं की आधी कार्बोरेटर खोलतात, मग एकेक पार्ट बदलत सुटतात, आणि बिल बघून मालक गाडी विकायला काढतो.

आमच्या गल्लीतल्या एकाची येझदी गरम झाली की बंद पडायची, थंड झाली की परत एका किकमध्ये चालू. त्याला कार्बोरेटर नवीन घ्यायला लावला, वर बोअर-पिस्टनचं एस्टिमेट दिलं, आणि शेवटी निघाला काय तर कंडेन्सर! पॉइंटशेजारचा बोटाएवढा डबा. (पॉइंट म्हणजे इंजिनबरोबर उघडझाप करून प्लगसाठी करंट तोडणारा छोटा स्विच.) गरम झाल्यावर दम सोडणारा कंडेन्सर हे या गाड्यांचं जुनं दुखणं आहे आणि ते ओळखणं पण सोपंय, किक मारताना पॉइंटमध्ये मोठी पांढरी ठिणगी उडत असेल, पॉइंटच्या एका तोंडाला खड्डा आणि दुसऱ्याला टेंगूळ आलं असेल तर आधी त्याच्यावरच संशय घ्यायचा.

मी सहा व्होल्टच्या, डायनामो आणि पॉइंटवाल्या गाड्यांबद्दल बोलतोय, सीडीआयवाल्या (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशनवाल्या) वेगळ्या. तर पहिलं काम म्हणजे स्पार्क प्लग काढायचा, वायरच्या कॅपमध्ये घालून इंजिनच्या हेडला टेकवायचा (प्लगच्या भोकापासून लांब, तिथून पेट्रोलची वाफ येते, आणि हातात धरायचा नाही, झटका बसतो) आणि चावी लावून किक मारायची. निळी चटकदार ठिणगी आली तर मग खुशाल पेट्रोलकडे आणि टायमिंगकडे वळा. नाही आली तर आधी दुसरा चांगला प्लग लावून बघायचा, कारण टू-स्ट्रोकमध्ये ऑइलनी प्लग शॉर्ट होणं रोजचंच. प्लगचा गॅप 0.6 मिमी.

तरीही करंट नाही? मग उजवीकडचं कव्हर काढा, पॉइंट बंद असताना चावी ऑन करा आणि स्क्रू ड्रायव्हरने पॉइंट हळूच उघडा, कॉइलची (बॅटरीचा करंट वाढवून प्लगला देते ती) जाड वायर हेडपासून पाचेक मिमीवर धरून (पकड इन्सुलेटेड पाहिजे). वायरमधून हेडवर ठिणगी उडाली म्हणजे कॉइल, कंडेन्सर बहुतेक ठीक, दोष पॉइंटच्या गॅपमध्ये. तो 0.4 मिमी पाहिजे आणि फिलर गेजनेच (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) बघायचा, हॅक्सॉ ब्लेड घालून अंदाजे नाही. आणि चावी ऑन ठेवून चहाला जायचं नाही, पॉइंट बंद अवस्थेत राहिले की कॉइल तापते आणि बॅटरी बसते.

ठिणगी उडालीच नाही तर बॅटरीपासून कॉइलपर्यंत एक वायर डायरेक्ट टाकून बघा. याने गाडी चालू झाली तर दोष चावीच्या स्विचमध्ये, फ्यूजमध्ये नाहीतर मधल्या वायरिंगमध्ये. सहा व्होल्टमधला एक व्होल्ट गंजलेल्या जोडात किंवा अर्थिंगमध्ये गेला की उरलं काय, बारा व्होल्टच्या गाडीला तेवढं जाणवत पण नाही. कित्येक जण "सहा व्होल्टच बेकार" म्हणून महागडं इलेक्ट्रॉनिक किट बसवतात, आणि खरं काम असतं अर्थिंगचा बोल्ट घासायचं.

पॉइंट साफ करूनही परत परत तेलकट होत असतील तर मात्र क्रँकचं उजवीकडचं सील (इंजिनमधलं तेल बाहेर येऊ न देणारं) गेलंय, तिथे पॉलिश पेपर घासून काही होणार नाही. हे काम जरा मोठं आहे, चांगल्या मिस्त्रीकडेच द्या.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी अशा गाड्यांवर लिहिताना हौशी मालकांबरोबर एखाद्या जुन्या मिस्त्रीशी पण बोला, दर गावात एक तरी सापडतो अजून. आणि हो, लेखातल्या पहिल्या फोटोखाली "किक तुटलेली गाडी" असं छापलंय. किक तुटलेली नाहीये साहेब, या गाडीत गिअरची लिव्हरच आत दाबून वर फिरवली की तिची किक होते.

आपला,
एक येझदीवाला वाचक, सांगली