खोल समुद्रातला तारामासा: एक प्रजाती की तीन?

मा. संपादक,

हिंदी महासागराच्या तळावरील खनिजांबाबतचा लेख आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात वाचला. गोव्यात बसून या विषयावर मराठीत इतके सविस्तर वाचायला मिळते, याचा आनंद आहे. मात्र लेखातला एक मुद्दा पटला नाही. लेखक म्हणतात की, खोल तळावरचे प्राणी बहुतेक सर्व महासागरांत पसरलेले असतात, तेव्हा खनिजे काढताना एका भागातला गाळ ढवळला गेला तरी प्रजाती म्हणून त्यांना धोका नाही. ऐकायला हे दिलासा देणारे आहे. पण ‘पसरलेली प्रजाती’ हे ठरवले कसे, हा प्रश्न त्यात राहून गेला. तारामाशांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर फार मोलाचे आहे, म्हणून हे पत्र.

झोरोॲस्टर फुल्जेन्स हा अटलांटिक महासागरातला तारामासा घ्या. मधली चकती लहान, पाच भुजा लांब आणि निमुळत्या, अंगावर कठीण पट्टिकांच्या सरळ रांगा. वायव्हिल थॉमसन यांनी १८७३ मध्ये त्याचे वर्णन केले. पुढे तो अटलांटिकभर सापडत गेला, २२० मीटरपासून ४,८१० मीटरपर्यंत. एकच प्राणी उथळ उतारापासून जवळपास पाच किलोमीटर खोलीपर्यंत राहतो, असे पुस्तकांत नोंदले गेले. आयर्लंडच्या नैर्ऋत्येला पोर्क्युपाइन सीबाइट नावाचा खोलगट भाग आहे. तिथे वेगवेगळ्या खोलीवर जाळी ओढल्यावर मात्र या एकाच नावाखाली तीन घडणींचे प्राणी हाती आले. वरच्या पाण्यात दणकट बांध्याचे, त्याखाली सडपातळ, आणि सर्वांत खोल लांब भुजांचे. केरी हॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचे डीएनए तपासून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: ही रूपे आपापसांत प्रजनन करत नाहीत.

म्हणजे ज्याला आपण सगळीकडे राहणारा म्हणत होतो, तो प्रत्यक्षात आपापल्या खोलीचा पट्टा धरून राहणारा निघाला. आणि हे वेगळेपण काही मैलांच्या अंतराने आलेले नाही, एकाच उतारावर वर-खाली राहिल्याने आलेले आहे. खोली वाढली की पाण्याचा दाब बदलतो, तापमान बदलते, वरून झिरपत येणारे अन्न कमी होते. नकाशावर एकाच ठिपक्यात मावणाऱ्या जागेत तीन वेगळ्या प्रजाती नांदत असू शकतात. नकाशाला खोली दिसत नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर वाचकांचा समज होईल की प्रत्येक फरक म्हणजे नवी प्रजाती. पोर्सेलॅनॅस्टर सेरुलियस हा गाळात पुरून राहणारा, गाळच गिळणारा तारामासा आहे. त्याच्या पिल्लांच्या पाठीवर मधोमध एक लांब देठासारखा भाग असतो. फ्रान्सच्या एडमंड पेरिए यांना १८८२ मध्ये असे देठवाले छोटे नमुने मिळाले तेव्हा त्यांना ते इतके आगळे वाटले की त्यांनी त्यांच्यासाठी कॉलॅस्टर हा नवा वंशच स्थापन केला. तारामासे आणि देठावर उभे राहणारे समुद्रकमळासारखे प्राणी यांच्यामधला दुवाच सापडला, अशी चर्चा त्यातून निघाली. ती बाळे होती! डेन्मार्कच्या ‘गॅलॅथिया’ या खोल समुद्राच्या मोहिमेनंतर मॅडसेन यांनी १९६१ मध्ये या संपूर्ण कुळाचा आढावा घेतला आणि वाढीच्या टप्प्यांना किंवा साध्या व्यक्तिगत फरकांना दिलेली कितीतरी नावे एकत्र केली. इथे पुष्कळ नावांचा एक प्राणी झाला, झोरोॲस्टरमध्ये एका नावाचे तीन. दोन्ही वेळी निर्णय झाला तो लहान-मोठे, उथळ-खोल असे भरपूर नमुने शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावरच. एका बरणीतल्या एका नमुन्यावरून यातले काहीच कळले नसते.

मी अनेक वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले. पेडणे तालुक्यातल्या किनाऱ्यावर रापण ओढून झाली, बांगडे-तारले टोपल्यांत गेले, की वाळूत जे उरते त्यात ॲस्ट्रोपेक्टेन वंशाचे लहान तारामासे हमखास मिळत. मुलांना मी दोनच मापे घ्यायला लावत असे: मध्यापासून भुजेच्या टोकापर्यंतचे अंतर, आणि मध्यापासून दोन भुजांमधल्या खोबणीपर्यंतचे. पहिल्याला दुसऱ्याने भागायचे. तारामाशांचे अभ्यासक जगभर हेच गुणोत्तर वापरतात. एकाच रापणीतल्या प्राण्यांची गुणोत्तरे वेगवेगळी येत, कारण लहान प्राण्याच्या भुजा चकतीच्या मानाने आखूड असतात आणि तो वाढतो तशा त्या लांबत जातात. एखाद्याची एक भुजा तुटून नव्याने फुटलेली असे, बोटाच्या पेराएवढी, पण तिच्याही कडेला कंगव्याच्या दातांसारखे काटे उगवलेले. असा प्राणी मापात धरायचा की नाही, यावर मुले तावातावाने भांडत. शास्त्रज्ञांपुढेही हाच प्रश्न असतो, फक्त त्यांची वाळू चार-पाच किलोमीटर खाली असते.

आता आपल्या समुद्राकडे येऊ. अरबी समुद्रात साधारण २०० ते १,००० मीटर या खोलीच्या पट्ट्यात पाण्यात विरघळलेला प्राणवायू अत्यंत कमी असतो. उथळ पाण्यातल्या प्राण्यांना आणि खोल पाण्यातल्या प्राण्यांना वेगळे ठेवणारी ही एक न दिसणारी भिंत आहे. आयर्लंडजवळच्या उतारावर अशी भिंत नसतानाही खोलीनुसार रूपे वेगळी झाली. मग इथे काय असेल, हा प्रश्न कोणाही जिज्ञासू माणसाला पडावा. ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजावरचे डॉक्टर आणि निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड अल्कॉक यांनी भारताच्या भोवतीच्या खोल पाण्यातले तारामासे गोळा करून १८९३ मध्ये त्यांची वर्णने छापली. त्यात झोरोॲस्टर वंशाच्याही नव्या प्रजाती आहेत. त्या काळी डीएनए नव्हता आणि जाळे वर येईपर्यंत कुठल्या खोलीवर काय आत शिरले हे सांगणेही सोपे नव्हते. तरीही त्यांनी स्थळ आणि खोली लिहून ठेवली. सव्वाशेहून अधिक वर्षांनी ती नोंद आजही उपयोगी पडते.

हे सगळे गोव्याच्या दारात आहे. दोनापावलाला १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. १९८१ मध्ये ‘गवेषणी’ जहाजाने तळावरचे बहुधातू गोळे, म्हणजे कोबाल्ट-निकेलसारखे धातू असलेले खडे, वर काढले तेव्हापासून या विषयाशी गोव्याचे नाव जोडलेले आहे. मध्य हिंदी महासागरात भारताकडे ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र शोधकार्यासाठी आहे. २०२१ मध्ये तिथे ५,२७० मीटर खोलीवर उत्खनन यंत्र तळावर चालवून पाहिले गेले. हे गोळे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात. एकदा उचललेले क्षेत्र आपल्या कुठल्याच पिढीला पूर्ववत दिसणार नाही. खाण आधी आणि हिशेब नंतर, याची किंमत काय असते हे डिचोली, सांगे, केपे या खाणपट्ट्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. मी उत्खननाच्या सरसकट विरोधात नाही. बॅटऱ्यांना कोबाल्ट आणि निकेल लागते, हे मला समजते. पण तिथे कोण राहतो याची यादी बनवताना ‘तारामासा, सर्वत्र आढळणारा’ असे लिहून पुढे जाणे मला मान्य नाही.

आपल्या दैनिकामार्फत संशोधन संस्थांना माझी विनंती आहे की, पर्यावरण अहवालांत प्रत्येक तारामाशामागे खोली, भुजांचे गुणोत्तर आणि छायाचित्र द्यावे. भुजेचा छोटा तुकडा सुरुवातीलाच अल्कोहोलमध्ये ठेवावा, कारण फॉर्मलिनमध्ये गेलेल्या नमुन्यातून नंतर डीएनए मिळवणे फार कठीण होते. खाणक्षेत्राच्या आतले आणि बाहेरचे नमुने ताडून पाहिल्याशिवाय ‘बाहेरही हाच प्राणी आहे’ असे म्हणू नये. आणि मिरामारच्या विज्ञान केंद्रात एक कपाट मिळाले, तर त्यात एकाच प्रजातीचे पिल्लापासून पूर्ण वाढलेल्यापर्यंतचे, वेगवेगळ्या खोलींवरचे तारामासे ओळीने मांडावेत, सोबत एक मोजपट्टी ठेवावी. मापे मुले स्वतःच घेतील.

आपल्याकडेही एक मागणे आहे. यापुढे एखाद्या लेखात ‘ही प्रजाती सर्व महासागरांत आढळते’ असे वाक्य आले, तर छापण्यापूर्वी लेखकाला विचारावे: किती नमुन्यांवरून, आणि कोणत्या खोलीवरच्या?

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पेडणे